फाउंड्रीसाठी स्पेक्ट्रो निवडताना: तीन यंत्रांच्या वापरानंतरचे परीक्षण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत मी १६ वर्षे गुणवत्ता विभाग सांभाळत आहे. या काळात आमच्या प्रयोगशाळेत वितळलेल्या लोखंडाचे मूलद्रव्यीय विश्लेषण करणारे तीन स्पार्क स्पेक्ट्रोमीटर आले. पहिला टेबलावर बसणारा, निर्वात कक्षाचा आणि वापरलेला होता. दुसरा जमिनीवर उभा राहणारा, फोटोमल्टिप्लायर नळ्यांचा (मंद प्रकाशही मोजणाऱ्या नळ्यांचा) मोठा होता, आणि गेली चार वर्षे चालू असलेला तिसरा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) शोधकांचा असून त्याचा प्रकाशीय कक्ष आर्गॉनने भरलेला आहे. आमच्या भागात या यंत्राला सगळे नुसते ‘स्पेक्ट्रो’ म्हणतात, म्हणून पुढे मीही तोच शब्द वापरतो. ज्या यंत्रांत आम्हाला अडचणी आल्या त्यांच्या उत्पादकांची नावे मी देत नाही, कारण त्यांपैकी एक मॉडेल शेजारच्याच कारखान्यात वर्षानुवर्षे उत्तम चालले आहे. यंत्र घेताना नेमके काय पाहावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

माझे मत आधीच सांगतो. माहितीपत्रकात छापलेल्या २५ किंवा ३० मूलद्रव्यांच्या यादीवरून स्पेक्ट्रो निवडू नये. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) फाउंड्रीने तो कार्बनच्या आकड्यावरून निवडावा, कारण हा आकडा स्थिर येण्यासाठी यंत्राची प्रकाशयंत्रणा, आर्गॉनची शुद्धता, नमुना ओतण्याची पद्धत आणि मापांकन या सगळ्यांचीच परीक्षा होते. जे यंत्र आपल्या स्वतःच्या नमुन्यावर कार्बन नीट दाखवते, ते सिलिकॉन, मँगनीज, क्रोमियम आणि तांबे बहुधा नीटच दाखवते. याच्या उलट मात्र खरे ठरत नाही.

याचे कारण यंत्राच्या कार्यपद्धतीतच आहे. घासून सपाट केलेला नमुना स्पार्क स्टँडच्या छिद्रावर ठेवला जातो, खालून टंगस्टनचे टोकदार इलेक्ट्रोड काही मिलिमीटर अंतरावर असते, आणि आर्गॉनच्या प्रवाहात सेकंदाला शेकडो ठिणग्या पडतात. त्या ठिणग्यांनी पृष्ठभागावरचे अणू उडून उत्तेजित होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते. वक्र जाळीने (बारीक रेघा कोरलेल्या आरशाने) हा प्रकाश वेगवेगळा केला जातो आणि शोधक त्याची तीव्रता मोजतात. मँगनीज, क्रोमियम, तांबे यांच्या सोयीच्या रेषा सामान्य हवेतून सहज प्रवास करणाऱ्या पट्ट्यात आहेत. कार्बनची नेहमी वापरली जाणारी रेषा मात्र १९३.१ नॅनोमीटरवर, सल्फरची १८०.७ वर आणि फॉस्फरसची १७८.३ वर, म्हणजे खोल अतिनील भागात आहे. तिथला प्रकाश हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. म्हणून प्रकाशीय कक्ष निर्वात तरी ठेवावा लागतो किंवा शुद्ध आर्गॉनने भरावा लागतो. बिडासाठी अत्यंत महत्त्वाची तीन मूलद्रव्ये याच नाजूक पट्ट्यात येतात, आणि यंत्र जुने होऊ लागले की पहिली घसरण इथेच दिसते.

स्पेक्ट्रो खरोखर हवा का, हा प्रश्न छोट्या फाउंड्रीने आधी प्रामाणिकपणे विचारावा. केवळ ग्रे आयर्न (ग्रॅफाइटचे पापुद्रे असलेले साधे बीड) ओतणाऱ्या आणि दिवसाला मोजक्याच हीट (भट्टीचे घाण) घेणाऱ्या कारखान्यात टेल्युरियमयुक्त कपाचा सीई मीटर (गोठण्याच्या तापमानावरून कार्बन समतुल्य सांगणारे उपकरण) बरेच काम भागवतो. कपातले बीड टेल्युरियममुळे पांढरे गोठते, गोठतानाचे दोन थांबे तापमानाच्या आलेखावर दिसतात आणि दोन-तीन मिनिटांत कार्बन समतुल्य हाती येते. कार्बनमध्ये सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा एक तृतीयांश मिळवला की कार्बन समतुल्य निघते. ग्रे आयर्नच्या एफजी २६० या दर्जाच्या कास्टिंगसाठी आम्ही ते साधारण ३.९ ते ४.० दरम्यान धरतो. मात्र कपाला मँगनीज, सल्फर, क्रोमियम किंवा मॅग्नेशियम दिसत नाही. एसजी आयर्न (मॅग्नेशियमची प्रक्रिया करून ग्रॅफाइट गोलाकार केलेले बीड) करायचे असेल, तर मूळ धातूतला सल्फर ०.०२ टक्क्याच्या खाली आहे का आणि प्रक्रियेनंतर मॅग्नेशियम ०.०३ ते ०.०५ टक्क्यांत राहिले का, हे कळल्याशिवाय चालत नाही. त्या टप्प्यावर स्पेक्ट्रोला पर्याय उरत नाही.

हातात धरायच्या एक्सआरएफ गनबद्दल (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणाबद्दल) इथे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण तिच्या प्रात्यक्षिकाने अनेक मालक प्रभावित होतात. ही गन काही सेकंदांत भंगाराच्या तुकड्यातले क्रोमियम, निकेल, मँगनीज, तांबे सांगते. भंगाराच्या ढिगात चुकून आलेला स्टेनलेसचा किंवा जास्त मँगनीजच्या पोलादाचा तुकडा बाजूला काढायला ती फार उपयोगी आहे, आणि आमच्या भंगार यार्डात आम्ही ती भाड्याने आणून वापरलीही आहे. परंतु कार्बनचे क्ष-किरण इतक्या कमी ऊर्जेचे असतात की ते हवेत आणि शोधकाच्या खिडकीतच विरतात. गन कितीही महाग असली तरी बिडातला कार्बन ती दाखवू शकत नाही. शिवाय हे क्ष-किरणांचे उपकरण असल्याने अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांची पूर्तता करावी लागते, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. आयसीपी (द्रावणाचे प्लाझ्मात विश्लेषण करणारे) हे उत्तम यंत्र आहे, पण त्यासाठी नमुना आम्लात विरघळवावा लागतो आणि बिडातले ग्रॅफाइट न विरघळता तसेच मागे राहते. भट्टी वाट पाहत असताना त्याचा उपयोग नाही.

आता आमच्या पहिल्या यंत्राविषयी. ते आल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत एकाच नमुन्यावर कार्बन कधी ३.१५ तर कधी ३.५५ येई. आम्ही सारा दोष यंत्राला दिला, पुरवठादाराशी वाद घातला, दोन वेळा मापांकन करून घेतले. शेवटी आमच्या एका अनुभवी मोल्डरने (साचे बनवणाऱ्या कारागिराने) नमुन्याचे नाणे (चाचणीसाठी ओतलेली छोटी चकती) हातोडीने फोडून माझ्यासमोर ठेवले. त्याचा भंग मध्यभागी राखाडी होता. स्पेक्ट्रोला कार्बन नीट मोजता यावा म्हणून बिडाचा नमुना इतक्या वेगाने गोठला पाहिजे की ग्रॅफाइट तयारच होऊ नये आणि सारा कार्बन लोहाशी संयुक्त राहावा. तसे झाले की भंग चंदेरी पांढरा दिसतो. ग्रॅफाइट मोकळे असेल, तर ठिणगीखाली त्याचे वर्तन लोहापेक्षा वेगळे असते, आणि कार्बनचा आकडा कमी व अस्थिर येतो. आमचा तांब्याचा साचा लागोपाठ वापरल्याने तापत होता आणि नाणेही जाड होते. दोन साचे आलटून पालटून वापरायला लागल्यावर, नाणे पातळ केल्यावर आणि नमुना इनॉक्युलेशनपूर्वी (ग्रॅफाइट तयार व्हायला मदत करणारा पदार्थ धातूत घालण्यापूर्वी) घेऊ लागल्यावर तोच जुना स्पेक्ट्रो शहाण्यासारखा बोलू लागला. त्या मोल्डरचे ऋण मी आजही मानतो.

म्हणूनच विक्रेता प्रात्यक्षिकासाठी सोबत आणतो त्या चकचकीत प्रमाणित चकतीवर समाधान मानू नये. ती चकती एकजिनसी असते आणि तिच्यावर जवळजवळ प्रत्येक यंत्र सुंदर आकडे देते. आपल्या भट्टीतली, आपल्या माणसाने ओतलेली, आपल्याच ग्राइंडरवर घासलेली किमान तीन नाणी न्यावीत: एक ग्रे आयर्नचे, एक एसजीच्या मूळ धातूचे आणि एक मॅग्नेशियम प्रक्रियेनंतरचे. शेवटचे नाणे पांढरे गोठवणे कठीण असते आणि म्हणूनच ते सर्वांत उपयुक्त ठरते. त्यांतले एक आधी फोडून भंग पांढरा असल्याची खात्री करावी. मग त्याच धातूच्या, त्याच वेळी ओतून सोबत नेलेल्या दुसऱ्या नाण्यावर लागोपाठ दहा स्पार्क मारायला सांगावे आणि एकही आकडा न गाळता सर्व दहा छापून घ्यावेत. माझ्या मते कार्बनच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातले अंतर ०.१० टक्क्याच्या आत असले पाहिजे. हीच चाचणी सकाळी यंत्र सुरू झाल्यावर एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा एकदा करून घ्यावी. सरासरी सरकली असेल, तर ती का सरकली हे विचारावे, आणि ‘पुन्हा स्टँडर्डाइज केले की ठीक होईल’ एवढ्यावर विषय सोडू नये.

पहिल्या यंत्राचा खरा दोष पावसाळ्यात उघड झाला. निर्वात पंपाची देखभाल आधीच्या मालकाने केलेली नव्हती. पंपाच्या तेलाची वाफ कक्षात जाऊन भिंगावर पातळ थर बसला होता. मँगनीज आणि क्रोमियम व्यवस्थित येत होते, पण सल्फरचा आकडा महिनाभरात जवळजवळ निम्म्यावर आला. ग्रे आयर्नमध्ये सल्फरला बांधून ठेवण्यासाठी मँगनीज सल्फरच्या १.७ पट आणि वर साधारण ०.३ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. सल्फर चुकीचा कमी दिसल्याने आम्ही मँगनीजही कमी ठेवले आणि कास्टिंगच्या कडा कडक होऊन मशीन शॉपमधून तक्रारी आल्या. वापरलेले यंत्र घेऊच नये असे मी म्हणणार नाही. मात्र निर्वात यंत्र असेल तर पंप, तेल आणि भिंगाची नोंदवही मागावी, आणि ती नसेल तर भिंग काढून दाखवायला सांगावे.

दुसरे यंत्र आकड्यांच्या बाबतीत तिघांत सर्वोत्तम होते, हे मला मान्य करावे लागेल. फोटोमल्टिप्लायर नळी अत्यंत मंद प्रकाशही मोजते, त्यामुळे अल्प प्रमाणातील शिसे, टिन, अँटिमनी यांची पुनरावृत्ती फार चांगली होती. जुन्या वाहनांच्या भंगारातून येणारे शिसे ०.००५ टक्क्याइतके कमी असले तरी ग्रे आयर्नमधील ग्रॅफाइटचा आकार बिघडवून ताकद घटवू शकते, म्हणून ही क्षमता निरर्थक नाही. पण या रचनेत प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषेसाठी स्वतंत्र फट आणि स्वतंत्र नळी बसवावी लागते. ऑर्डर देताना जी मूलद्रव्ये ठरवली, तीच पुढची अनेक वर्षे मिळतात. आम्ही नायट्रोजन घेतला नव्हता. त्याची रेषा १४९ नॅनोमीटरवर, म्हणजे आणखी खोल अतिनीलात असते आणि त्यासाठी वेगळा खर्च येतो. पुढे पिग आयर्न (झोतभट्टीचे कच्चे लोखंड) महागल्यावर आम्ही पोलादी भंगार आणि कार्ब्युरायझरचे (कार्बन वाढवणाऱ्या पदार्थाचे) प्रमाण वाढवले, कोअरसाठी (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यासाठी) रेझिन वाढले, आणि जाड भागांत भेगांसारखी छिद्रे दिसू लागली. बिडात नायट्रोजन १०० पीपीएमच्या (०.०१ टक्क्याच्या) आसपास किंवा वर गेला की असे दोष येऊ शकतात. आमच्याकडे मोजायची सोय नसल्याने नमुने बाहेर पाठवावे लागले आणि उत्तर येईपर्यंतचे ओतकाम अंदाजावर चालले. इंडक्शन भट्टीत पोलादी भंगार जास्त वापरणाऱ्या आणि फ्युरान किंवा तत्सम रेझिनचे कोअर असणाऱ्या कारखान्याने नायट्रोजनचा विचार खरेदीच्याच वेळी करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या यंत्राला स्थिर तापमानाची खोलीही लागत असे, आणि वीज बराच वेळ गेली की निर्वात व तापमान पूर्ववत यायला कित्येक तास लागत. पोलाद कारखान्यात, जिथे प्रयोगशाळा चोवीस तास चालते आणि अल्प घटकांचे महत्त्व फार आहे, तिथे मी आजही फोटोमल्टिप्लायरचीच शिफारस करीन. आमच्यासारख्या ठिकाणी त्याची निगा त्याच्या लाभापेक्षा जड होत गेली.

तिसरे यंत्र अर्धवाहक शोधकांचे असल्याने ते पट्ट्यातला जवळजवळ सर्व वर्णपट एकाच वेळी टिपते. नवे मूलद्रव्य हवे असेल आणि त्याची रेषा यंत्राच्या पट्ट्यात येत असेल, तर बहुधा नवे मापांकन पुरते. यंत्र उघडावे लागत नाही. कक्षात बंदिस्त आर्गॉन शुद्धीकरण नळीतून फिरत राहतो, त्यामुळे निर्वात पंप नाही आणि तेलाचा प्रश्नही नाही. अत्यल्प शिशाचे आकडे दुसऱ्या यंत्राइतके घट्ट नाहीत, हा फरक मी नोंदवतो. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांत मात्र गेल्या चार वर्षांत मला तक्रार करावीशी वाटली नाही. दिवसाला १५ ते ४० नमुने, ग्रे आणि एसजी दोन्ही, अशा आमच्यासारख्या फाउंड्रीसाठी या प्रकारचे यंत्र मला सर्वांत योग्य वाटते.

बाजारात थर्मो फिशरची एआरएल मालिका, जर्मनीतील ‘स्पेक्ट्रो’ याच नावाची कंपनी, ब्रुकर, पूर्वी ऑक्सफर्ड इन्स्ट्रुमेंट्सकडे असलेली आणि आता हिताचीच्या नावाने मिळणारी यंत्रे, आणि मुंबईच्या मेटल पॉवरची मेटाव्हिजन मालिका असे पर्याय आहेत. यांतल्या प्रत्येकाची निरनिराळ्या दर्जाची मॉडेले असल्याने केवळ नावावरून निर्णय होत नाही. आपल्या ५० किलोमीटरच्या परिसरात तेच मॉडेल तीन वर्षांहून अधिक काळ वापरणारे दोन कारखाने शोधावेत, आणि तिथल्या व्यवस्थापकाला न विचारता प्रत्यक्ष स्पार्क मारणाऱ्या मुलाला विचारावे. कोल्हापुरात हे सहज जमते, कारण आपल्याकडच्या फाउंड्र्या एकमेकांना माहिती देताना हात आखडता घेत नाहीत.

आर्गॉनकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खटकते. ९९.९९९ टक्के शुद्धतेचा वायू हवा, एवढे सगळेच जाणतात. पण सिलिंडर ते यंत्र यांमधली नळी प्लास्टिकची किंवा रबराची असेल तर ओलावा आणि ऑक्सिजन तिच्या भिंतीतून आत शिरतात आणि शुद्ध वायूचे पैसे वाया जातात. नळी स्वच्छ तांब्याची किंवा स्टेनलेसची आणि शक्य तितक्या कमी सांध्यांची असावी. वायू खराब आहे हे यंत्राआधी नमुनाच सांगतो. चांगल्या स्पार्कचा डाग मध्यभागी खोदल्यासारखा खडबडीत आणि भोवती काळे कडे असलेला असतो; वायूत ओलावा किंवा ऑक्सिजन असेल तर डाग पांढरट, उथळ आणि पसरट दिसतो, आणि अशा डागाचा आकडा वाचूच नये. आमच्याकडे एका पावसाळ्यात नव्या सिलिंडरनंतर सलग पांढरे डाग येऊ लागले. सिलिंडर बदलताच ते थांबले. तेव्हापासून यंत्राआधी वायुशुद्धक बसवला आहे आणि सिलिंडर पूर्ण रिकामा होऊ न देता थोडा दाब शिल्लक असतानाच बदलतो. खरेदीच्या वेळी स्पार्कच्या काळात आणि नुसते उभे असताना यंत्र मिनिटाला किती आर्गॉन खाते, हे दोन्ही आकडे लेखी घ्यावेत. साधारण ७ घनमीटरचा एक सिलिंडर किती दिवस पुरेल हे त्यावरूनच कळते, आणि यंत्राच्या आयुष्यभराच्या खर्चात हा हिशेब लहान नसतो.

मापांकनात एक धोका असा आहे की तो चुकीला बरोबर दिसायला लावतो. यंत्रासोबत येणारे सेटिंगचे नमुने केवळ यंत्राचे सरकणे दुरुस्त करतात. त्यानंतर आपल्या दर्जाच्या जवळचा एक नमुना घेऊन आकडा जुळवण्याची सोय असते, तिला टाइप स्टँडर्डायझेशन म्हणतात. हा नमुना प्रमाणित नसेल, किंवा त्याचा कार्बन अंदाजाने लिहिलेला असेल, तर यंत्र त्या अंदाजाशी इमानाने जुळते आणि पुढचे प्रत्येक प्रमाणपत्र त्याच चुकीसह बाहेर पडते. म्हणून पांढऱ्या बिडाचे किमान दोन प्रमाणित नमुने यंत्राच्या किमतीतच धरावेत. इंग्लंडमधील मिडल्सब्रोच्या ब्युरो ऑफ अॅनलाइज्ड सॅम्पल्सचे नमुने आम्ही वापरतो. शिवाय महिन्यातून एकदा तरी कार्बन आणि सल्फर ज्वलन पद्धतीने पडताळावा. त्यात नमुना ऑक्सिजनमध्ये जाळून तयार झालेला वायू अवरक्त किरणांनी मोजला जातो, त्यामुळे ग्रॅफाइट मोकळे असले तरी आकड्याला बाधा येत नाही. फक्त ड्रिलचा चुरा देऊ नये, कारण चुऱ्यातली ग्रॅफाइटची धूळ उडून जाते. घन तुकडाच द्यावा. ही पडताळणी बाहेरच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घेतली तरी चालते.

घासण्याचा कागद हा किरकोळ विषय वाटतो, पण अॅल्युमिना कागदाने अॅल्युमिनियमचा आणि सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने सिलिकॉन व कार्बनचा आकडा फुगू शकतो. घासलेल्या पृष्ठभागाला बोट लावू नये आणि नाणे पाण्यात बुडवल्यावर पूर्ण कोरडे केल्याशिवाय स्टँडवर ठेवू नये. खोली वाळूच्या धुळीपासून दूर असावी आणि यंत्राचे अर्थिंग इंडक्शन भट्टीच्या अर्थिंगपासून पूर्ण वेगळे असावे.

सेवेबद्दल शेवटी लिहितो, पण खरेदीच्या चर्चेत हा मुद्दा पहिल्या दिवशीच घ्यावा. तिसऱ्या यंत्राचा आर्गॉन फिरवणारा पंप एकदा बंद पडला, तेव्हा भाग येऊन बसेपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत आम्ही सीई मीटर आणि बाहेरच्या प्रयोगशाळेवर चाललो, आणि एसजीचे दोन ऑर्डर पुढे ढकलावे लागले. मॅग्नेशियम प्रक्रिया झालेला धातू साधारण १०-१२ मिनिटांत साच्यात जावा लागतो, कारण त्यानंतर मॅग्नेशियम उतरत जाते. शेवटच्या साच्याचा नमुना तपासल्याशिवाय माल पाठवणे मला मान्य नव्हते. त्यामुळे नव्या वार्षिक करारात मी तीन गोष्टी लिहून घेतल्या आहेत: तक्रारीनंतर अभियंता किती तासांत येईल, कोणते भाग भारतात साठ्याला असतील, आणि दुरुस्तीनंतर आमच्याच पांढऱ्या नाण्यावर दहा स्पार्क मारून कार्बनचे अंतर पुन्हा ०.१० च्या आत दाखवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरले जाणार नाही. तिसऱ्या अटीला विक्री प्रतिनिधीने बराच वेळ हरकत घेतली. आम्ही ती सोडली नाही, आणि सहीनंतर ते नाणे डबीत घालून, तारीख टाकून, यंत्राच्या शेजारच्या कपाटात ठेवले आहे.